बंदूक-नियंत्रणाची चळवळ आणि तिची पत

१४ फेब्रुवारी २०१८ रोजीं अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्याच्या पार्कलंड गांवीं एका हायस्कुलांत एका माजी विद्यार्थ्यानें गोळ्या झाडून १७ जणांचे प्राण घेतले. त्याच दिवशीं 'एव्हरीटाउन फॉर गन सेफ्टी' या बंदूक-नियंत्रणवादी संस्थेनें जाहीर केलें कीं, चालू वर्षांतील शाळेंतील गोळीबाराची ही अठरावी घटना होय. वर्षाचे अवघे ४५ दिवस झालेले आणि १८ शाळांत गोळीबार! हा आंकडा पाहतां पाहतां देशभर पसरला आणि पुढाऱ्यांच्या व वृत्तपत्रकारांच्या तोंडीं बसला. दुसऱ्याच दिवशीं 'वॉशिंग्टन पोस्ट' या पत्रानें त्या १८ घटना एकेक करून तपासून पाहिल्या. एका घटनेंत मिशिगन राज्यांत एका प्रौढ माणसानें शाळेच्या आवारांतील मोटारी उभ्या करण्याच्या जागेंत आत्महत्या केली होती. परंतु ती शाळा सात महिन्यांपूर्वींच बंद झालेली होती. दुसऱ्या एका घटनेंत तिसऱ्या इयत्तेंतील एका मुलानें पोलिसाच्या कमरेच्या पिस्तुलाचा चाप ओढला होता आणि सुदैवानें कोणासहि इजा झाली नव्हती. शाळेच्या वेळांत घडलेल्या आणि कोणास तरी शारीरिक इजा झालेल्या अशा घटना १८ पैकीं पांचच निघाल्या. मिशिगनमधील घटना संस्थेनें मागाहून आपल्या यादींतून काढून टाकली.

१८ हा आंकडा संस्थेनें अगदींच हवेंतून काढला होता, असें म्हणतां येणार नाहीं. शाळेच्या इमारतींत वा आवारांत कोणत्याहि कारणानें, कोणत्याहि वेळीं बंदुकीची गोळी सुटली कीं ती घटना यादींत घालावयाची, असा तिचा नियम होता आणि तो तिनें उघडपणें छापलेलाहि होता. परंतु 'शाळेंतील गोळीबार' हे शब्द कानावर पडतांच कोणाहि आईच्या डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें, तें त्या यादींतील बहुतेक घटनांचें नव्हतें. शब्द एका अर्थानें उच्चारावा आणि ऐकणारा तो दुसऱ्या अर्थानें घेईल हें ठाऊक असावें, यांत उघड असत्य नसलें तरी पुरतें सत्यहि नसतें. परिणाम असा झाला कीं, ज्या वेळीं १७ घरांत आक्रोश चालला होता, त्याच वेळीं विरोधकांना चर्चेस दुसराच विषय मिळाला. मेले किती हें सोडून मोजणारा खरा कीं खोटा, यावरच वाद सुरू झाला.

लोकचळवळीपाशीं फौज नसते कीं फर्मान काढण्याचा अधिकार नसतो. तिचें सारें भांडवल म्हणजे तिचा शब्द. पेढीची एक हुंडी वटली नाहीं कीं बाजारांत तिची पत जाते, मग तिजोरींत कितीहि नाणें असो. अमेरिकेंतील बंदूक-नियंत्रणाच्या चळवळीचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास हा बहुतांशीं या पतीच्या चढउताराचा इतिहास आहे.

तो समजण्यासाठीं त्या देशाची एक मूलभूत गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. भारतांत शस्त्र बाळगणें ही सरकारनें दिलेली परवानगी आहे. १८७८ च्या ब्रिटिश अमदानींतील कायद्यानें ही परवानगीची पद्धत घट्ट केली आणि स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यानेंहि परवान्याचें तत्त्व कायम ठेवलें. अमेरिकेंत गोष्ट उलटी आहे. तेथील राज्यघटनेच्या १७९१ मधील दुसऱ्या दुरुस्तीनें शस्त्र बाळगण्याच्या लोकांच्या हक्काचा उल्लेख केला आहे. हा हक्क केवळ नागरी सेनेपुरता नसून घरांत स्वसंरक्षणासाठीं बंदूक ठेवणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचा आहे, असा निर्णय २००८ सालीं तेथील सुप्रीम कोर्टानें पांच विरुद्ध चार मतांनीं दिला. २०२२ सालीं घराबाहेर शस्त्र बाळगण्याच्या हक्कासहि कोर्टानें मान्यता दिली. शिवाय सेनेटांत वादग्रस्त विधेयक पुढें सरकावयाचें तर बहुधा १०० पैकीं ६० मतें लागतात. अशा देशांत नियंत्रण हवें असेल तर बंदूक बाळगणाऱ्या लोकांपैकींहि पुष्कळांचें मन वळवावें लागतें, आणि ज्याच्यावर विश्वास नाहीं त्याच्याकडून कोणी मन वळवून घेत नाहीं.

चळवळ संघटित झाली ती १९७४ सालीं. त्यापूर्वीं १९३४ सालीं यांत्रिक बंदुकांवर जबर कर बसवणारा कायदा झाला होता, आणि १९६८ सालीं डॉ. मार्टिन ल्यूथर किंग व रॉबर्ट केनेडी यांच्या हत्येनंतर टपालानें बंदुका मागवण्यास बंदी घालणारा कायदा झाला होता. परंतु या कायद्यांमागें कायम काम करणारी लोकसंस्था नव्हती. शिकागो येथें विद्यार्थी असतांना पिस्तुलाच्या धाकानें लुटले गेलेले मार्क बोरिन्स्की यांनीं १९७४ मध्यें अशी एक संस्था स्थापन केली. लवकरच तिला पीट शील्ड्स हे गृहस्थ येऊन मिळाले. त्यांच्या तरुण मुलाचा त्याच वर्षीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें गोळी घालून खून झाला होता. मोठ्या कारखान्यांतील अधिकाराची नोकरी सोडून त्यांनीं या कार्यास वाहून घेतलें. १९८० पासून ही संस्था 'हँडगन कंट्रोल' या नांवानें प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास निघालेल्या दुसऱ्या एका संस्थेच्या नांवांत तर पिस्तुलांवरील संपूर्ण बंदीचाच उल्लेख होता.

१९७६ सालीं मि. शील्ड्स यांनीं 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकाजवळ आपला क्रम मोकळेपणानें सांगितला: प्रथम पिस्तुलांचें वाढतें उत्पादन व विक्री रोखावयाची, मग त्यांची नोंदणी करावयाची, आणि अखेरीस सैनिक, पोलिस, परवानाधारक रखवालदार, नेमबाजीचीं मंडळें व संग्राहक एवढे वगळून बाकी सर्वांस पिस्तूल बाळगणें बेकायदेशीर ठरवावयाचें. पुढें त्यांचें मत पालटलें आणि संपूर्ण बंदीचा आग्रह संस्थेनें सोडला. परंतु तें वाक्य विरोधकांनीं सोडलें नाहीं. आज अर्धें शतक उलटल्यावरहि नोंदणीचा लहानसा प्रस्ताव आला कीं, 'ही पहिली पायरी, शेवटची कोणती हें त्यांनींच सांगितलें आहे,' असें उत्तर मिळतें. मतदारांनींहि त्या वेळीं आपला कौल स्पष्ट दिला. १९७६ सालीं मॅसॅच्युसेट्स राज्यांत पिस्तूल-बंदीचा प्रश्न जनमतास टाकला गेला, तेव्हां दहांपैकीं जवळजवळ सात मतें विरुद्ध पडलीं. १९८२ सालीं कॅलिफोर्नियांत पिस्तुलांची संख्या गोठवण्याचा प्रस्तावहि असाच मोठ्या फरकानें पडला.

चळवळीचें दैव फिरलें तें एका जखमी माणसामुळें. ३० मार्च १९८१ रोजीं अध्यक्ष रेगन यांच्यावर झालेल्या हल्ल्यांत त्यांचे वृत्तसचिव जेम्स ब्रॅडी यांच्या डोक्यांत गोळी शिरली आणि ते जन्माचे अपंग झाले. हल्लेखोरानें तें रिव्हॉल्व्हर टेक्सासमधील एका गहाणवटीच्या दुकानांतून घेतलें होतें. श्रीमती सारा ब्रॅडी या रिपब्लिकन घराण्यांतल्या. बंदुकांचा द्वेष करणाऱ्या म्हणून त्यांची ख्याति नव्हती. त्यांनीं मागितलें तेंहि बेताचें होतें. पिस्तूल विकत घेणाराची पूर्वचौकशी व्हावी आणि ती होईपर्यंत कांहीं दिवस थांबावें, एवढीच मागणी. १९९१ सालीं खुद्द रेगन यांनीं, स्वतः बंदूकधारकांच्या संघाचे सभासद असूनहि, या विधेयकास वृत्तपत्रांतून जाहीर पाठिंबा दिला. ३० नोव्हेंबर १९९३ रोजीं अध्यक्ष क्लिंटन यांची सही होऊन तें कायदा झालें. पांच दिवसांच्या थांबण्याची जागा १९९८ पासून तत्काळ चौकशीच्या राष्ट्रीय यंत्रणेनें घेतली. त्या चौकशींत आजवर लक्षावधी अर्ज नाकारले गेले आहेत.

या यशाचें रहस्य केवळ दुःखांत नव्हतें. दुःख कांहीं थोड्यांच घरीं आलें होतें असें नाहीं. मागणी काय आहे, ती कोठें सुरू होते आणि कोठें संपते हें ऐकणारास कळत होतें, आणि सांगणारा जें सांगत होता त्याहून अधिक त्याच्या पोटांत नाहीं असा भरंवसा पुष्कळांस वाटला. अर्थात् कायदा झाला म्हणून हेतु तडीस गेला असेंहि नव्हे. २००० सालीं लडविग व कुक या दोघां संशोधकांनीं तपास केला, तेव्हां ब्रॅडी कायद्यामुळें खुनांचें प्रमाण घटल्याचें त्यांस आढळलें नाहीं. मात्र ५५ वर्षांवरील माणसांच्या बंदुकीनें केलेल्या आत्महत्या कांहीं अंशीं कमी झालेल्या दिसल्या. बंदूकविरोधी म्हणून हे संशोधक दुर्लक्षिले जाण्यासारखे नव्हते, आणि कायद्याचे विरोधकहि नव्हते. म्हणूनच त्यांच्या निष्कर्षास किंमत आहे.

याच्या उलट उदाहरण 'असॉल्ट वेपन' या शब्दाचें. १९८८ सालीं 'व्हायोलन्स पॉलिसी सेंटर' या संस्थेचे जॉश शुगरमन यांनीं एक निबंध लिहिला. यांत्रिक बंदूक चाप दाबून धरला असतां एकामागून एक गोळ्या सोडते; अर्धस्वयंचलित बंदूक चापाच्या प्रत्येक दाबास एकच गोळी सोडते. दिसण्यांत मात्र दोन्ही सारख्या असूं शकतात. लोकांच्या मनांतील हा घोटाळा आणि या बंदुकांचें भयंकर रूप यांमुळें त्यांवरील निर्बंधांस लोकांचा पाठिंबा मिळणें सोपें जाईल, असें त्या निबंधांत स्वच्छ लिहिलें होतें. प्रचाराच्या दृष्टीनें निरीक्षण अचूक होतें. परंतु लोकांचें अज्ञान दूर करण्याऐवजीं तें वापरतां येईल असें एकदां छापून गेल्यावर, तोच कागद विरोधकांच्या प्रत्येक सभेंत वाचला जाऊं लागला.

१९९४ सालीं अशा बंदुकांवर आणि दहांहून अधिक गोळ्यांच्या मॅगझिनांवर दहा वर्षांपुरती बंदी आली व २००४ सालीं ती मुदत संपून गेली. सरकारी साहाय्यानें झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता कीं, एकंदर बंदूकगुन्ह्यांवर तिचा परिणाम झालाच असेल तर तो फारच अल्प असावा. याचें कारण आंकड्यांतच आहे. २०१९ सालीं एफ.बी.आय.नें नोंदलेल्या खुनांपैकीं पिस्तुलांनीं झालेले ६,३६८ होते, तर सर्व प्रकारच्या रायफलींनीं मिळून झालेले ३६४. सामुदायिक हत्याकांडांत मोठ्या मॅगझिनांमुळें बळींची संख्या वाढते असें दाखवणारे अभ्यास पुढें झाले आहेत, आणि तो मुद्दा खरोखर विचारणीय आहे. परंतु तो मुद्दा यंत्राच्या शक्तीचा आहे, रूपाचा नव्हे. प्रचार मात्र पुष्कळदां रूपाचाच झाला.

आंकड्यांची गोष्ट निघालीच आहे, तर आणखी दोन पाहणें उचित होईल. घरांत ठेवलेल्या बंदुकीनें स्वसंरक्षणार्थ एक माणूस मारला जातो, तेव्हां इतर प्रकारें ४३ मरतात, हें वाक्य वर्षानुवर्षें ऐकूं येत असे. तें १९८६ च्या एका वैद्यकीय निबंधांतून आलें होतें. त्या ४३ पैकीं ३७ आत्महत्या होत्या, ही गोष्ट सभांतून क्वचितच सांगितली जाई. आणि बंदूक नुसती दाखवून चोर पळवला गेला असेल तर तो प्रसंग त्या हिशेबांत येतच नव्हता. दुसरा आंकडा ४० टक्क्यांचा: अमेरिकेंतील ४० टक्के बंदुका कोणत्याहि चौकशीवांचून हातोहात जातात, असें २०१३ सालीं अध्यक्ष ओबामा यांनींहि सांगितलें. त्याचें मूळ १९९४ मधील पाहणींत होतें आणि त्या प्रश्नास उत्तर देणारे अवघे २५१ होते. २०१७ सालीं नवी पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यांत हें प्रमाण २२ टक्के निघालें.

आतां विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, २२ टक्के हा आंकडा काय लहान आहे? पांचांतील एकाहून अधिक बंदुका चौकशीवांचून हात बदलतात, ही गोष्ट कोणत्याहि शहाण्या माणसास अस्वस्थ करावयास पुरेशी आहे. तीच गोष्ट आत्महत्यांची. २०२१ सालीं अमेरिकेंत बंदुकीनें मेलेल्या माणसांची संख्या ४८,८३० होती. त्यांपैकीं २६,३२८ जणांनीं स्वतःवर गोळी झाडली होती, आणि सुमारें २१ हजारांचा खून झाला होता. अर्ध्याहून अधिक मृत्यु आत्महत्येचे आहेत हें सत्य झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. उलट तें उघड सांगितलें तर बंदूक कुलपांत ठेवणें, संकटांत सांपडलेल्या माणसापासून ती कांहीं काळ दूर करणें, असे उपाय लोकांस आपोआप पटूं लागतात. हातच्या कांकणाला आरसा कशाला, अशी स्थिति असतां राईचा पर्वत करण्याची गरज कोणास पडावी?

१४ डिसेंबर २०१२ रोजीं कनेटिकट राज्यांतील सँडी हूक येथील प्राथमिक शाळेंत २० बालकें व सहा मोठीं माणसें मारलीं गेलीं, आणि चळवळीचें नवें पर्व सुरू झालें. दुसऱ्याच दिवशीं शॅनन वॉट्स या गृहिणीनें मातांची संघटना उभारण्यास आरंभ केला. न्यू यॉर्कचे नगराध्यक्ष मायकेल ब्लूमबर्ग यांनीं २००६ पासून चालवलेल्या नगराध्यक्षांच्या मंडळाशीं ती २०१४ सालीं एक झाली, आणि 'एव्हरीटाउन' जन्मास आली. ब्लूमबर्ग यांचा पैसा व मातांचें मनुष्यबळ असा हा संयोग होता. लाल सदरे घातलेल्या स्त्रिया राज्याराज्यांच्या विधिमंडळांत जाऊन बसूं लागल्या. व्यापारी पेढ्यांवर दडपण आलें. 'स्टारबक्स' या कॉफीगृहांच्या कंपनीनें २०१३ सालीं ग्राहकांस बंदुका आंत न आणण्याची विनंति केली. भाषाहि बदलली. 'नियंत्रण' हा शब्द मागें पडला आणि 'सुरक्षा' हा पुढें आला. यांत कांहीं गैर नाहीं. परंतु शब्द बदलल्यानें हेतु बदलला काय, हा प्रश्न विरोधक विचारणारच, आणि त्याचें उत्तर शब्दानें देतां येत नाहीं. वर्षानुवर्षांच्या वागणुकीनेंच देतां येतें.

चुकाहि झाल्या. २०१३ च्या जूनमध्यें नगराध्यक्षांच्या मंडळानें एका सभेंत बंदुकीनें मारल्या गेलेल्यांचीं नांवें वाचलीं. त्यांत बोस्टन येथील बाँबस्फोटाच्या प्रकरणांतील, पोलिसांच्या गोळ्यांनीं जखमी झालेल्या संशयिताचेंहि नांव वाचलें गेलें. मंडळानें क्षमा मागितली, हें त्यास भूषणावह आहे. परंतु नांवें वाचून श्रद्धांजलि वाहणारानें यादी आधीं वाचून पाहिली नव्हती, ही गोष्ट लोकांच्या ध्यानांत राहिली.

येथें कोणी विचारील कीं, विरोधकांचें काय? तेहि कांहीं हरिश्चंद्राचे अवतार नाहींत. नेमबाजी सुधारण्यासाठीं १८७१ सालीं स्थापन झालेला 'नॅशनल रायफल असोसिएशन' हा त्यांचा मुख्य संघ. त्याचे दीर्घकाळ सूत्रधार असलेले वेन लापिएर यांनीं संघाचा पैसा गैरवापरला, असा निर्णय २०२४ सालीं न्यू यॉर्कच्या ज्यूरीनें दिला. स्वसंरक्षणार्थ वर्षास २५ लाख वेळां बंदूक वापरली जाते, हा त्या पक्षाचा आवडता आंकडा १९९५ च्या एका दूरध्वनीवरील पाहणींतला आहे. सरकारच्या गुन्हेपीडितांच्या पाहणींतून निघणारी संख्या लाखाच्या आसपास वा त्याहून कमी येते. अधिक बंदुकांनीं गुन्हे घटतात, हा दावाहि २००४ च्या राष्ट्रीय समितीस सिद्ध झालेला आढळला नाहीं. एवढेंच नव्हे, तर १९९६ पासून रोगनिवारणाच्या सरकारी संस्थेस बंदूक-नियंत्रणाच्या पुरस्कारार्थ पैसा खर्च करण्यास बंदी झाली, आणि तिच्या धाकानें या विषयावरील संशोधनच वीस वर्षांहून अधिक काळ सुकून गेलें. निश्चित ज्ञान नसलें कीं दोन्ही पक्षांचे आरडाओरडा करणारे सुखी असतात.

तथापि दोघांच्या चुकांचा परिणाम सारखा होत नाहीं. जो आहे तें राहूं द्या म्हणतो, त्यास नुसती शंका उत्पन्न केली तरी पुरतें. जो नवें मागतो, त्यास खात्री पटवावी लागते. म्हणून एकच खोटा आंकडा राखणारास फारसा महाग पडत नाहीं, बदलणारास फार महाग पडतो. हा न्याय कदाचित् कठोर असेल, परंतु व्यवहार असा आहे.

आणि जेथें ही सावधगिरी पाळली गेली, तेथें फळहि आलें आहे. पार्कलंडच्या घटनेनंतर चारच आठवड्यांच्या आंत, ९ मार्च २०१८ रोजीं, फ्लॉरिडाच्या रिपब्लिकन गव्हर्नरनें बंदूक विकत घेण्याचें वय २१ करणाऱ्या आणि धोकादायक ठरलेल्या माणसाची बंदूक न्यायालयाच्या हुकुमानें तात्पुरती काढून घेण्याची सोय करणाऱ्या कायद्यावर सही केली. विधिमंडळापुढें जाऊन उभीं राहिलेलीं तीं त्या शाळेंतील मुलें होतीं, आणि त्यांच्या साक्षीस यादीची गरज नव्हती. २०२२ च्या मे महिन्यांत टेक्सासमधील युवाल्डी येथें १९ बालकें व दोन शिक्षिका मारल्या गेल्यावर, २५ जून रोजीं दोन्ही पक्षांच्या मतांनीं झालेला कायदाहि असाच मर्यादित होता. २१ वर्षांखालील ग्राहकाची अधिक चौकशी, मानसिक आरोग्यासाठीं पैसा, राज्यांना साहाय्य, एवढाच त्याचा मुख्य आशय. ज्या सेनेटांत २०१३ सालीं चौकशीचें विधेयक ५४ मतें मिळूनहि पडलें होतें, तेथेंच हें मंजूर झालें.

अमेरिकेंत आज हजारों मराठी कुटुंबें राहतात. त्यांचीं मुलें त्याच शाळांत जातात, आणि वर्गाचें दार लावून, दिवे मालवून, मुकाट्यानें बसण्याचा सराव तीं इतर मुलांबरोबरच करतात. या मुलांच्या आईबापांपुढें दोन्ही पक्षांचे आंकडे रोज येतात. त्यांनीं, आणि दुरून हा वाद ऐकणारांनींहि, प्रत्येक आंकड्यास तीन प्रश्न विचारावे. यांत नेमकें काय मोजलें आहे? केव्हां आणि किती लोकांना विचारून मोजलें आहे? आणि चूक दाखवली असतां मोजणारानें ती दुरुस्त केली काय? ज्याचीं या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें सरळ येतील, त्याची बाजू आपल्या मताविरुद्ध असली तरी ऐकण्याजोगी असते.

लांडगा आला म्हणून उगाच ओरडणाऱ्या मुलाची गोष्ट शाळेंत सर्वांनीं वाचलेली असते. तिच्यांतील एक गोष्ट मात्र बहुधा विसरली जाते. शेवटीं लांडगा खरोखरच आला होता, आणि नुकसान झालें तें एकट्या ओरडणाराचें नव्हे, कळपांतील मेंढरांचें झालें.